‘फुकट्यांची चळवळ’ : एका गैरसमजाचा इतिहास

1/ मुक्त सॉफ्टवेअर चळवळीच्या पाठीराख्यांविषयी एक समज घट्ट रुजला आहे : या मंडळींना सारे फुकट हवे असते. हा समज खोडून काढण्यासाठी तत्त्वज्ञानाची गरज नाही. इतिहास पुरेसा आहे. #धागा

2/ घोटाळ्याचे मूळ इंग्रजीत आहे. तिथे ‘फ्री’ या एकाच शब्दात विनामूल्य आणि स्वतंत्र असे दोन्ही अर्थ कोंबलेले आहेत. मराठीत ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ हे शब्द निराळे. तरीही परभाषेतला हा गोंधळ मराठीने उसना घ्यावा, हे नवल!

3/ आरंभी सॉफ्टवेअर यंत्रासोबतच येई. त्याचा सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेला आणि माणसाला वाचता येणारा मूळ मजकूर, बहुधा सोबत मिळे. 1969 मध्ये आयबीएमने सॉफ्टवेअरची किंमत यंत्रापासून वेगळी करण्याचे जाहीर केले. फेब्रुवारी 1976 मध्ये बिल गेट्स यांनी संगणकाच्या छांदिष्टांना खुले पत्र लिहून, फुकट नकला वापरणे ही चोरी आहे असे बजावले.

4/ गेट्स यांचा प्रश्न रास्त होता : लिहिणाऱ्याच्या श्रमाचे मोल कोण देणार? परंतु पुढे जे घडले ते निराळेच. पूर्ण किंमत मोजणाऱ्या ग्राहकालाही सोर्स कोड मिळेनासा झाला.

5/ 1980 च्या सुमारास एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेला झेरॉक्सचा लेझर प्रिंटर भेट मिळाला. त्यात कागद वारंवार अडके. जुन्या प्रिंटरच्या वेळी रिचर्ड स्टॉलमन यांनी प्रोग्रॅम बदलून, कागद अडकताच संगणकावर सूचना उमटेल अशी सोय केली होती. नव्याचा सोर्स कोड मात्र मिळेना. तो ज्याच्याकडे होता, त्या कार्नेगी मेलन विद्यापीठातील संशोधकाने गुप्ततेचा करार केलेला होता. त्याने साफ नकार दिला.

6/ या प्रसंगात पैशाचा संबंध कुठे येतो? प्रिंटर तर भेट मिळालेला! यंत्र समोर, ज्ञान हाताशी, दुरुस्तीची तयारीही. अडसर होता तो परवानगीचा.

7/ 27 सप्टेंबर 1983 रोजी स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या संपूर्ण मुक्त प्रणालीची घोषणा केली. 1985 मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन स्थापन झाले. त्याच सुमारास ‘ईमॅक्स’ या आपल्या प्रोग्रॅमच्या टेपा ते 150 डॉलरला विकत होते. ‘फुकट्यांच्या’ म्होरक्याचा हा व्यवहार टीकाकार सोयीस्करपणे विसरतात.

8/ 1989 मध्ये जनरल पब्लिक लायसन्स आले. वापरा, अभ्यासा, बदला, वाटा, विकासुद्धा. अट एवढीच की, ज्याला प्रत द्याल त्याला हेच हक्क द्या. 1992 मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्स याच परवान्याखाली आणले.

9/ जुलै 2009. अ‍ॅमेझॉनने ग्राहकांच्या किंडलवरून जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘1984’ या कादंबरीच्या विकत घेतलेल्या प्रती दुरून पुसून टाकल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण. पैसे परत मिळाले, पुढे कंपनीच्या प्रमुखांनी माफीही मागितली. मग संताप कशाचा? विकत घेतलेल्या यंत्राचा खरा धनी कोण, हे त्या दिवशी उघड झाले होते.

10/ यावर नेहमीचा आक्षेप असा : सामान्य माणसाला कोड वाचताच येत नाही, त्याला या हक्कांचा काय उपयोग?

11/ याचे उत्तर महाराष्ट्राला ठाऊक असायला हवे. घरातला जुना जमिनीचा दस्त मोडीत असतो. घरात कोणालाच मोडी येत नाही. पण तो दस्त कोणत्याही जाणकाराकडे नेता येतो. एकाचे वाचन पटले नाही, तर दुसऱ्याकडे जाता येते. जिद्द असेल, तर स्वतः शिकताही येते. मोडीची किल्ली कोणा एकाच्या तिजोरीत बंद नाही.

12/ आता असे समजा की, मोडी शिकण्यास मनाई आहे, वाचण्याचा अधिकार एकाच पेढीला आहे आणि ती पेढी उद्या बुडाली. पेशवे दफ्तरातील लक्षावधी कागदांचे मग काय मोल उरेल? बंद सॉफ्टवेअरच्या गुप्त साच्यात अडकलेल्या आजच्या नोंदींवर नेमकी हीच टांगती तलवार आहे.

13/ म्हणून या चळवळीला कोड लिहिणाऱ्यांइतकेच शिक्षक, ग्रंथपाल आणि अभिलेखपालही पाठिंबा देतात. ही व्यक्तिपूजाही नव्हे : 2019 मध्ये स्टॉलमन यांनी फाउंडेशनच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, तरी चळवळ चालूच राहिली. तिची मागणी साधी आहे. सॉफ्टवेअरची किंमत खुशाल घ्या. किल्ली मात्र घेणाऱ्याच्या हाती द्या.