सह्या व्हिसासाठी की संसारासाठी?

‘आधी सह्या करून टाका, बाकीचं मागाहून बघू.’ गोव्यात हा सल्ला फार स्वस्त झाला आहे. दोघांपैकी एकाने पोर्तुगीज पासपोर्ट केला, दुसऱ्याचा भारतीयच राहिला आणि दोघांना बाहेर एकत्र राहायचं आहे, असं कळलं की घरचे, शेजारचे आणि एजंट एका सुरात सांगतात, नोंदणी करा. दाखला हातात आला की व्हिसाचं काम झालंच म्हणून समजा! हा सल्ला चुकीचा आहे असं माझं स्पष्ट मत आहे. देणाऱ्याचं त्यात काहीच जात नाही. जातं ते सह्या करणाऱ्यांचं.

परदेशी जोडीदार म्हटलं की आपल्याला हणजुणे, मोरजीच्या किनाऱ्यावरचा गोरा आठवतो. पण तो आपल्याच वाड्यावरचाही असतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंद करून तिथलं नागरिकत्व घेण्याची वाट मिळाली आणि हजारोंनी ती धरली. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. म्हणून म्हापशाच्या एकाच शाळेत शिकलेली दोन माणसं एका कागदाने दोन देशांची होतात.

आता आपल्याकडच्या सहीची किंमत पाहा. गोव्यात लग्न हा नागरी करार आहे. पोर्तुगीज नागरी कायदा इथे १८७० मध्ये लागू झाला आणि १९१० च्या विवाह कायद्याने या कराराला आजचं रूप दिलं. लग्नाआधी रीतसर वेगळा करार केलेला नसेल तर दोघांची मालमत्ता एक होते. लग्नानंतर मिळवलेली तेवढी नव्हे, आधीचीसुद्धा. घर विकायचं तर दुसऱ्याची संमती लागते आणि लग्न झाल्यावर ही व्यवस्था बदलता येत नाही. हे सारं ‘व्हिसापुरतं’ म्हणून सही करणाऱ्या पंचविशीतल्या पोरांना कोण सांगतं? एजंट तर नाहीच. पुढे पटलं नाही तर कोर्टाच्या तारखांना एजंट येणार नाही, आणि सल्ला देणारे काकाही येणार नाहीत.

बरं, दुसरी वाटच नसती तर गोष्ट वेगळी. ती आहे. पोर्तुगालमध्ये २००१ च्या सातव्या क्रमांकाच्या कायद्याने दोन वर्षांहून अधिक काळ पतिपत्नीसारखं एकत्र राहणाऱ्यांच्या नात्याला मान्यता दिली, आणि दोघं स्त्री-पुरुषच असली पाहिजेत अशी अट घातली नाही. पोर्तुगीज नागरिक आयर्लंड, फ्रान्स अशा युरोपीय संघातल्या दुसऱ्या देशात राहायला गेला तर २००४ चा संघाचा निर्देश त्याच्या टिकाऊ नात्यातल्या जोडीदाराचा प्रवेश सुकर करायला सांगतो. तिथल्या सरकारला नकार देता येतो, पण चौकशी करून आणि कारण देऊन. कॅनडा आणि न्यूझीलंड बारा महिने एकत्र राहिल्याचा पुरावा मागतात. ऑस्ट्रेलियाही तेवढीच मुदत मागतो, पण तिथल्या एखाद्या राज्यात नातं नोंदवलेलं असेल तर ती सोडतो.

स्विंडनमुळे आपल्याला जवळचं वाटणारं ब्रिटन ३१ डिसेंबर २०२० नंतर संघाच्या नियमांतून बाहेर पडलं. तिथे स्थायिक झालेल्या गोंयकाराला आज नव्याने जोडीदार न्यायचा तर सर्वसाधारणपणे वर्षाला २९ हजार पौंडांचं उत्पन्न दाखवावं लागतं. पण ही अट लग्न झालेल्यांनाही तशीच आहे, सह्या केल्याने एक पौंडही कमी होत नाही.

शिवाय दाखल्याने काम होतं हीच मुळात भाबडी समजूत आहे. सोयीच्या लग्नांचा संशय या सगळ्या देशांना असतो. दाखला पुढे ठेवला तरी अधिकारी विचारतो, नातं खरं कशावरून? म्हणजे पुरावे गोळा करणं चुकत नाहीच.

‘पण लग्नाशिवाय राहणं आपल्या संस्कृतीत बसत नाही,’ हे ठरलेलं उत्तर येतंच. संस्कृतीची एवढी काळजी असलेल्यांना व्हिसासाठी उरकलेलं लग्न मात्र चालतं! अविवाहित जोडप्याकडून काय मागतात ते वाचा. घराचा एकत्र भाडेकरार, दोघांच्या नावे आलेली बिलं, सामाईक बँक खातं, प्रवासाची तिकिटं, एकमेकांच्या आजारपणात, अडीअडचणीत कोण धावलं त्याच्या खुणा. माझी अर्धी हयात सरकारी कागद तपासण्यात गेली आहे, म्हणून सांगतो, संसार याहून नेमका कागदावर मांडता येत नाही.

आणि हा पुरावा गोळा होऊ नये म्हणून आपण किती झटतो! भाड्याची खोली मागायला गेलं की घरमालक आधी लग्नाचा दाखला विचारतो. दोघांच्या नावे करार करायचा नाही, शेजाऱ्यांनी पाळत ठेवायची, आणि मग ‘यांच्याकडे कागद कुठे आहेत’ म्हणून आपणच त्यांना सह्यांच्या रांगेत ढकलायचं. एकत्र राहणं अशक्य झालेल्यांची ही अडचण परक्यांना कळली. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून एकाच घरात राहण्याची सक्ती काढली. दोन वर्षांचं लग्नासारखं नातं सिद्ध केलं तर पुरतं. ज्यांना खऱ्या अडथळ्यांमुळे लग्नही करता आलं नाही आणि एकत्रही राहता आलं नाही, त्यांच्यासाठी कॅनडात वेगळा वर्ग आहे. आपल्या घरमालकांना मात्र काही कळायचं नाव नाही.

ज्यांना सही करताच येत नाही त्यांचं काय, हाही प्रश्न आहेच. सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहाला मान्यता द्यायला १७ ऑक्टोबर २०२३ रोजी नकार दिला. ‘लग्न करा आणि जा’ हा सल्ला त्या मुलामुलींच्या तोंडावर दार बंद करतो.

सगळीकडे ही वाट नाही हे खरं. अमेरिका अविवाहित जोडीदाराला कुटुंबीय मानत नाही. वाग्दत्त म्हणून नेलं तर नव्वद दिवसांत लग्न करावं लागतं. भारतही परदेशी जोडीदाराला ओसीआय कार्ड देताना नोंदवलेलं आणि दोन वर्षं टिकलेलं लग्नच मागतो. तिथे लग्न करायचं की नाही ते त्या दोघांनी ठरवावं, नीट विचार करून, मालमत्तेचा करार आधी वाचून.

बाकीच्यांना माझं सांगणं एवढंच. अर्ज भरण्याआधी ज्या देशात जायचं त्याचा नियम स्वतः वाचा, आजपासून पावत्या जपून ठेवा. आणि वडीलधाऱ्यांनो, सह्यांची घाई करण्यापेक्षा त्या दोघांना राहायला एक खोली मिळवून द्या, भाडेकरारावर दोघांची नावं घालून.