मांडवाला परवानगी लागते, लेकरांच्या शिबिराला लागत नाही

परीक्षा संपत आल्या की नांदेडात श्यामनगर, वजिराबाद, तरोडा नाका आणि लातुरात औसा रोड, अंबाजोगाई रोड, सगळीकडं खांबाखांबावर बॅनर लागतात. 'निवासी उन्हाळी शिबिर', 'व्यक्तिमत्त्व विकास', 'बालसंस्कार', 'सैनिकी साहस शिबिर'. लातुरात तर 'फाउंडेशन बॅच, राहण्या-जेवणाची सोय' हेही शिबिराच्याच नावाखाली खपतं. खाली एक मोबाइल नंबर आणि 'मर्यादित जागा'. शिबिर घेणारा कोण, लेकरं कुठल्या इमारतीत राहणार, रात्री त्यांच्याजवळ कोण झोपणार, यातलं काही बॅनरवर नसतं. आणि गंमत म्हणजे आपणही विचारत नाही. फी किती आणि जेवणात काय, एवढं विचारून मोकळे.

आता हे बघा. गल्लीत गणपती बसवायचा तर मंडळाला महापालिकेची परवानगी, पोलिसांची परवानगी, महावितरणचं तात्पुरतं मीटर, वर्गणीसाठी धर्मादाय कार्यालयाचा कागद, स्पीकरसाठी आणखी एक. शाळेला एका दिवसाची सहल काढायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची मान्यता आणि प्रत्येक पालकाचं संमतिपत्र. 1 फेब्रुवारी 2016 ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजची 14 मुलं बुडाली, त्यानंतर सहलींचे नियम आणखी आवळले गेले. पण तीच चाळीस लेकरं एखाद्या खासगी माणसाने दहा दिवस गावाबाहेरच्या मंगल कार्यालयात किंवा शेतातल्या शेडमध्ये ठेवली, तर 'मुलांचं शिबिर' म्हणून घ्यायचा वेगळा परवाना आपल्याकडं नाहीच. कुठल्याही कार्यालयात यादी नाही. उद्या काही झालं तर आपल्या शहरात किती शिबिरं चालू आहेत हे सांगायला तहसीलदारांनासुद्धा बॅनरच मोजावे लागतील.

तसं म्हणाल तर कायदे आहेत, पण तुकड्यातुकड्यांत. जेवण बनवून विकणाऱ्याला अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागते. वसतिगृह किंवा मंगल कार्यालयाच्या मालकाने आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचा असतो. दोरीवरून उतरणं, झिपलाइन, बोटिंग असं काही ठेवलं तर 2021 च्या साहसी पर्यटन धोरणाप्रमाणं पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी हवी. आणि सगळ्यात कामाचा, पण सगळ्यात कमी माहीत असलेला नियम म्हणजे 2020 च्या पॉक्सो नियमांतला. मुलांना ठेवणाऱ्या किंवा त्यांच्या नेहमी संपर्कात येणाऱ्या कुठल्याही संस्थेनं प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी वेळोवेळी करून घेतलीच पाहिजे. कायम असो की कंत्राटी, शिकवणारा असो की न शिकवणारा. म्हणजे कराटेचे सर, स्वयंपाकी, रात्रीचा वॉचमन, सगळे आले. बदलापूरच्या घटनेनंतर 2024 मध्ये शाळांबाबत यावर मोठा गदारोळ झाला. शिबिरांचं नावही कुणी काढलं नाही.

तमिळनाडूत कृष्णगिरी जिल्ह्यात ऑगस्ट 2024 मध्ये काय झालं ते आठवा. एका खासगी शाळेत एनसीसीचं शिबिर म्हणून मुलींना मुक्कामी ठेवलं. शिबिर घेणारा स्वतःला एनसीसीचा प्रशिक्षक म्हणवत होता. एका लहान मुलीवर अत्याचार झाला, तेव्हा एनसीसीनं सांगितलं की या शिबिराशी आमचा काही संबंध नाही. शाळेनं पोलिसांना कळवायच्या ऐवजी प्रकरण दाबायचा प्रयत्न केल्याचा आरोप झाला, मुख्याध्यापकांना अटक झाली. चौकशी पुढं वाढली तशा आणखी मुली समोर आल्या. शिबिर सुरू व्हायच्या आधी कुणीतरी एनसीसीच्या कार्यालयाला एक फोन केला असता, तर तिथंच उघडं पडलं असतं. आपल्याकडच्या 'सैनिकी' शिबिरात युनिफॉर्म घालून उभा राहणारा माणूस खरंच माजी सैनिक आहे का, हे आज कोण तपासतं?

शिवाय आपल्या भागाचे आपले धोके आहेत. एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो म्हणून शाळा सकाळच्या करतात, आणि शिबिराचं वेळापत्रक मात्र दिवसभराचं. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये चाळीस लेकरं बसवणं म्हणजे काय, ते मराठवाड्यात राहणाऱ्याला सांगायची गरज नाही. मे महिन्यात अवकाळी येतो, वीज पडते. लेकरं मैदानात असताना ढग आले तर त्यांना झाडाखाली न नेता पक्क्या इमारतीत न्यायचं, हे ठरवणारा माणूस आणि ती इमारत, दोन्ही आधीच ठरलेलं हवं. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप फुकट आहे, ते शिबिरप्रमुखाच्या फोनमध्ये असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. आणि शेततळं! प्लास्टिकचं अस्तर टाकलेल्या तळ्यात पडलेला पोहणारासुद्धा वर येऊ शकत नाही, कारण शेवाळलेल्या कागदावर हात-पाय ठरत नाहीत. शेतातल्या शिबिराच्या शेजारी असं तळं असेल आणि त्याला कुंपण, दोर, हवा भरलेली ट्यूब नसेल, तर तिथं शिबिर व्हायलाच नको.

आता लगेच कुणी म्हणेल, झालं, आणखी एक परवाना, आणखी एक टेबल, आणखी एक पाकीट. ही भीती खोटी नाही. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं, गावच्या वाचनालयाचं आठवड्याचं शिबिर, एखाद्या निवृत्त गुरुजींचा गोष्टींचा वर्ग, हे सगळं कमी पैशात आणि जीव लावून चालतं. त्यांना दहा एनओसी मागितल्या तर ते बंद पडेल. चालू राहतील फक्त पैसेवाले. आणि नुसता कागद लेकराला वाचवतही नाही. अमेरिकेत टेक्सासमध्ये 4 जुलै 2025 ला ग्वाडलूप नदीच्या पुरात कॅम्प मिस्टिक या शिबिरातल्या 27 मुली आणि त्यांच्या ताया गेल्या. त्या शिबिराकडं परवाना होता. सरकारी तपासणी दोनच दिवस आधी झाली होती आणि आपत्कालीन आराखडा आहे अशी नोंदही होती.

म्हणून मला परवाना नको, आगाऊ नोंद हवी. दिवसा भरणारे छंदवर्ग सोडून द्या. लेकरं रात्री मुक्कामी राहणार असतील तरच. शिबिराच्या पंधरा दिवस आधी एक पानाचा अर्ज, फी शून्य: जागा, तारखा, मुलामुलींची संख्या, प्रत्येक माणसाचं नाव आणि चारित्र्य पडताळणीचा क्रमांक, जवळचा दवाखाना. शहरात महापालिकेकडं, बाहेर तहसीलला. प्रत जिल्हा बाल संरक्षण कक्षाला आणि पोलीस ठाण्याला. शिबिराचं नाव, जागा, तारखा आणि शिबिरप्रमुख ही यादी वेबसाइटवर टाका, म्हणजे पालक स्वतः बघतील. फ्रान्समध्ये मुलांच्या सुट्टीतल्या शिबिरांची अशी आगाऊ नोंद प्रशासनाकडं करावीच लागते, आणि सहा वर्षांवरच्या दर बारा मुलांमागं एक जबाबदार माणूस लागतो. आपल्याकडं एका सरांवर पन्नास लेकरं सहज सोपवतात. नोंद झालेल्यांपैकी काही ठिकाणी कुणीतरी न सांगता, रात्री नऊनंतर जाऊन यावं. दिवसा सगळं चकाचक असतं.

याला विधानसभेचा नवा कायदा लागत नाही. पॉक्सोचा नियम आहेच, जिल्हाधिकारी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष आहेतच. नांदेड आणि लातूरच्या दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी एक परिपत्रक काढलं, तर सुरुवात याच सुट्टीपासून होऊ शकते.

तोवर ज्यांच्या लेकराचं नाव घालायचं ठरलंय त्यांनी पैसे भरायच्या आधी जागा डोळ्यानं बघून या. मुलींच्या खोलीत रात्री कोणत्या ताई असतील त्यांना भेटा, सगळ्या माणसांचे पडताळणीचे कागद मागा. लेकराला रोज घरी फोन करू देणार का, हेही विचारा. 'सवय लागत नाही म्हणून फोन बंद' असं उत्तर आलं तर तिथं नाव घालू नका. आणि 1098 हा चाइल्डलाइनचा नंबर बॅगेत कागदावर लिहून ठेवण्यापेक्षा लेकराकडून पाठ करून घ्या, कारण बॅगा बऱ्याचदा पहिल्याच दिवशी एका खोलीत जमा करून घेतात.