छापील प्रत रद्दीत घालू नका

बिबवेवाडीत जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जात आहेत. घर रिकामे करताना पहिली कुऱ्हाड पडते ती पुस्तकांच्या कपाटावर. ‘आता सगळं मोबाइलवर मिळतं,’ असे म्हणत गठ्ठे बांधले जातात आणि रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. बिबवेवाडीकरांनो, सुतळी आवळण्याआधी जरा थांबा. मोबाइलवरचे पुस्तक दहा वर्षांनीही अक्षरशः तसेच राहील, याची हमी कोणी दिली आहे?

जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने जॉर्ज ऑर्वेलच्या ‘१९८४’ आणि ‘ॲनिमल फार्म’ या कादंबऱ्या अमेरिकेतील वाचकांच्या किंडलवरून परस्पर काढून घेतल्या. विक्रेत्याकडे हक्क नव्हते, हे कारण खरे होते. पैसेही परत मिळाले, कंपनीने माफीही मागितली. पण घरात ठेवलेले पुस्तक दुरून नाहीसे करता येते, हे त्या दिवशी जगाला कळले. २०२३ मध्ये रोआल्ड डालच्या बालपुस्तकांतील शेकडो शब्द प्रकाशकाने बदलले. आधी विकत घेतलेल्या ई-प्रतींमध्येही नवा मजकूर आपोआप आल्याच्या बातम्या ब्रिटनमध्ये झळकल्या.

बहुतेक ई-दुकानांत आपल्याला मिळतो तो केवळ वाचनाचा परवाना. मूळ फाइल कंपनीच्या सर्व्हरवर असते आणि आपल्या प्रतीला कुलूप असते. तिथे बदल झाला की तो सर्वांच्या प्रतींत उतरू शकतो. मग तुलनेसाठी जुना पाठच उरला नाही, तर बदल झाला हे सिद्ध तरी कशाच्या आधारे करायचे?

पाठ बिघडण्याचे दुखणे आपल्याला नवे नाही. शके १५०६, म्हणजे १५८४ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून पाहिल्या, पाठ शुद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपल्या पदरची ओवी घालू नये, असे बजावले. आपल्याच पुण्यात भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखिते पारखली गेली. काश्मीरच्या शारदा लिपीपासून केरळच्या मल्याळम लिपीपर्यंतच्या पोथ्या ठिकठिकाणी विखुरलेल्या होत्या, म्हणूनच हे काम झाले. त्या सगळ्या एका रात्रीत कोणालाही बदलता आल्या नसत्या. पाठाचे खरे राखणदार म्हणजे अनेकांच्या घरांतल्या स्वतंत्र प्रती.

ई-पुस्तकांना माझा विरोध नाही. थकलेल्या डोळ्यांना अक्षर मोठे करून मिळते, परदेशातल्या लेकीला मराठी कादंबरी क्षणात पोचते. त्यांचा पाठ शाबूत राहावा, एवढाच आग्रह आहे, आणि त्यासाठी आपल्याला पुष्कळ करता येईल.

कपाटातले प्रत्येक पुस्तक उघडून आतले पान पाहा. तिथे आवृत्ती, वर्ष, प्रकाशक, मुद्रक अशी नोंद असते. जुनी किंवा दुर्मीळ आवृत्ती स्वतःकडे ठेवा. जागा नसेल तर वाचनालयाला विचारून तिथे द्या. ई-पुस्तक घेताना कुलूप नसलेली फाइल मिळत असेल तर तीच घ्या आणि तिची प्रत स्वतःजवळ उतरवून ठेवा. प्रकाशकांनी प्रत्येक ई-आवृत्तीवर दिनांक आणि बदलांची नोंद द्यावी, फाइलचा हॅशही जाहीर करावा. मजकुरातला एक स्वल्पविराम हलला तरी हा अंक-अक्षरांचा ठसा बदलतो. अप्पर इंदिरानगरातल्या व्हीआयटीच्या विद्यार्थ्यांना तो काढणे मिनिटभराचे काम आहे. त्यांनी सोसायट्यांमध्ये येऊन ते शिकवावे.

सरकारकडेही मागणी करू या. १९५४ च्या कायद्यानुसार प्रकाशकाला पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आणि आणखी तीन ग्रंथालयांत द्यावी लागते. तो कायदा छापील पुस्तक डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. ई-पुस्तकाची पहिली प्रतही अशीच सक्तीने जमा व्हावी.

मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला, त्याला आधार होता शतकानुशतके जपलेल्या ग्रंथांचा. आता जपण्याची पाळी आपली आहे. या रविवारी कपाट उघडा, यादी करा आणि एकही पुस्तक न पाहता रद्दीत घालू नका.