कोट शिवणं हेही इंजिनीअरिंगच!

प्लेसमेंटचा सीझन आला की होस्टेलवर एकच कोट पाच जणांच्या अंगावर फिरतो. गेल्या वर्षी मीही तोच चढवला. खांद्यात ढगळ, बाहीत आखूड! म्हणून मेच्या सुट्टीत रविवार पेठेतून लोकरी कापड घेतलं नि घरी आईच्या मशीनवर बसलो.

आईनं आधी मांजरपाटाचा कोट शिवायला लावला. म्हणजे आपला प्रोटोटाइपच की! रेडीमेड कोटात आतलं कापड बहुधा चिकटवलेलं असतं. ते सुटलं की छातीवर फुगे येतात. आम्ही कॅनव्हास बारीक तिरप्या टाक्यांनी हातानंच धरला. टाके घालताना कॉलर बोटावर वळवून ठेवायची, मग ते वळण टिकतं. बाहीचा जास्तीचा घेर वाफेच्या इस्त्रीनं आकसवून बसवला. २५ दिवस लागले, दोनदा उसवलं.

आईच्या या कामाला मी आजवर 'नुसतं शिवणकाम' म्हणत होतो, याची लाज वाटली.

वर्कशॉपमध्ये आपण फिटिंग, सुतारकाम, वेल्डिंग शिकतो. मग कोपऱ्यात एक शिलाई मशीन का नको? सर, विचार कराल ना?