डिस्क काढण्याआधी चावी जपा

चाकणच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या भोसरीतल्या छोट्या वर्कशॉपवर आपल्यातली बरीच घरे चालतात. आमचेही त्यातलेच. हिशेब, बिले, जॉबची ड्रॉइंग्ज, सगळे एकाच संगणकात होते. पावसाळ्यात वीज गेली, आली आणि मदरबोर्ड जळाला. हार्ड डिस्क मात्र शाबूत होती.

"डिस्क काढून दुसऱ्या संगणकात लावू, झालं!" भाईजान म्हणाले. आम्ही तसेच केले. तेव्हा पडद्यावर निळी पाटी आली: ४८ अंकी रिकव्हरी की टाका. ती कुठे आहे, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तो संगणक पहिल्यांदा सुरू करून दिला होता आमच्या भाच्याने. तो दुसरी पाळी संपवून चाकणहून रात्री आला, तेव्हा त्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात ती की सापडली. तोवर अम्मीसुद्धा जेवल्या नव्हत्या.

असे का होते? एका प्रेसची डाय दुसऱ्या प्रेसवर चढवली की सेटिंग नव्याने करावे लागते. विंडोजचेही तसेच आहे. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर तिची चावी जुन्या मदरबोर्डवरच्या टीपीएम चिपमध्ये असते. नवा बोर्ड दिसला की विंडोज रिकव्हरी की मागते. कुलूप नसले तरी बायोसमधली स्टोरेजची किंवा बूटची पद्धत वेगळी असेल, तर विंडोज सुरूच होत नाही. संगणकासोबत आलेला परवाना बहुधा त्याच यंत्रापुरता असतो; वेगळा विकत घेतलेला रिटेल परवाना नव्या यंत्रावर नेता येतो. लिनक्स मात्र अशा बदलीनंतर बहुतेक वेळा मुकाट सुरू होते.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे अनेक घरांत संगणक बदलण्याचा विषय निघतो. जुनी डिस्क नव्या संगणकात बसवली तरी तिच्यातले विंडोज १० हे विंडोज १०च राहते, हे ध्यानात ठेवावे.

म्हणून संगणक धडधाकट असतानाच तीन कामे उरकावीत. कामाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी. रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्यावी. संगणक कोणाच्या खात्यावर आहे, तेही त्याच कागदावर लिहावे.

डिस्क नव्या संगणकात सुरू झाली नाही तर घाबरू नये. यूएसबी केसमध्ये घालून ती चालू संगणकाला जोडावी आणि फायली उतरवून घ्याव्यात. कुलूप असेल तर इथेही तीच की लागेल. "फॉरमॅट करायचे का?" असे विचारले तर नाही म्हणावे.

आमचा तो कागद आता रेशनकार्डाच्या पिशवीत आहे. कुठे आहे, हे अम्मींनाही ठाऊक आहे.