‘ड्रॉप’ घेण्याची ऐपत

बारावीला साधारण गुण मिळालेल्या मुलीने डॉक्टर व्हायचे म्हटले, की आपल्या वस्तीत पहिला सल्ला मिळतो, “झेपेल तेच कर.” सल्ला देणारी माणसे वाईट नसतात. लवकर कमाई सुरू व्हावी, हा त्यांचा साधा हिशेब असतो. पण तेवढेच गुण मिळालेला सुस्थित, सवर्ण घरातला मुलगा “यंदा ड्रॉप घेतोय” असे सांगतो, तेव्हा त्याला झेपेल का हे कोणी विचारत नाही.

मला बारावीला ५६ टक्के होते. आज मी सरकारी आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे. हे मी प्रेरणेची गोष्ट म्हणून सांगत नाही. या दोन वाक्यांच्या मधली वर्षे कोणाच्या पैशावर काढता येतात, हा माझा मुद्दा आहे.

माझे आजोबा विदर्भातून भिलाईला आले. सोव्हिएत मदतीने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि कामाच्या शोधात देशभरातून माणसे इथे आली. ज्यांना कायम नोकरी मिळाली, त्यांना सेक्टरमधले क्वार्टर, कारखान्याची शाळा आणि सेक्टर ९ चा दवाखाना मिळाला. ठेकेदाराकडे राबणारे मात्र कॅम्प आणि खुर्सीपारच्या वस्त्यांत राहिले. आमचे घर या दुसऱ्यांपैकी. घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी, शाळेत हिंदी आणि फिजिक्सच्या चांगल्या पुस्तकांत इंग्रजी. आई डबे करायची. सकाळी पोळ्या लाटून मी शाळेत जायचे. त्या ५६ टक्क्यांत माझी बुद्धी किती आणि घरची परिस्थिती किती, हे मार्कशीटवर लिहिलेले नव्हते.

वैद्यकीय प्रवेशाची गुणवत्ता यादी बारावीच्या टक्क्यांवर लागत नाही, ती ‘नीट’च्या गुणांवर लागते. १८० प्रश्न, ७२० गुण. त्यातले निम्मे प्रश्न जीवशास्त्राचे. परीक्षा हिंदीतूनही देता येते. किती वेळा द्यावी याला मर्यादा नाही आणि वयाची वरची अटही २०२२ साली काढली गेली. म्हणजे नियमाच्या पुस्तकात साधारण गुणांच्या मुलीला दार बंद नाही.

म्हणून ‘नीट’ आपल्या बाजूची आहे असे मात्र समजू नका. तामिळनाडूतल्या अरियलूर जिल्ह्यातली अनिता ही दलित मजुराची मुलगी. तिला बारावीला १२०० पैकी ११७६ गुण होते, तरी ‘नीट’मुळे तिला वैद्यकीय प्रवेश मिळाला नाही. १ सप्टेंबर २०१७ रोजी तिने आत्महत्या केली. त्याच राज्याने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने दाखवून दिले, की २०१६-१७ मध्ये वैद्यकीय प्रवेश मिळालेल्यांत पुन्हा परीक्षा देणारे सुमारे १२ टक्के होते. २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेले. याचा अर्थ सरळ आहे. बारावीनंतर एक-दोन वर्षे न कमावता बसून अभ्यास करणे ज्याला परवडते, त्याच्यासाठी ही परीक्षा आहे. मेरिट म्हणून जे मिरवले जाते, त्यात हे विकत घेतलेले वर्षही असते.

२० जानेवारी २०२२ च्या निकालपत्रात सर्वोच्च न्यायालयानेही हेच वेगळ्या शब्दांत मांडले. अखिल भारतीय कोट्यातले ओबीसी आरक्षण वैध ठरवताना न्यायालयाने म्हटले, की काही वर्गांना मिळालेले सामाजिक, आर्थिक आणि सांस्कृतिक लाभ परीक्षेच्या गुणांत दिसत नाहीत. आपल्याला तर हे १९०७ पासून ठाऊक असायला हवे. त्या वर्षी बाबासाहेब मॅट्रिक झाले ते ७५० पैकी २८२ गुण मिळवून. त्या आकड्यावरून कोणी त्यांना झेपेल तेच करायला लावले असते तर?

मला तीन प्रयत्न लागले. पहिल्या वर्षानंतर नातेवाईक आईला विचारू लागले, “पोरीला घरात किती दिवस बसवणार?” मुलाचा ड्रॉप निदान अभ्यास समजला जातो, मुलीचा ड्रॉप म्हणजे लांबलेले लग्न. दादाने आपले शिक्षण थांबवून नोकरी धरली. विहाराच्या समितीने मागची खोली दिली आणि चार घरांनी मिळून फिजिक्सच्या शिकवणीची फी भरली. सरकारकडून त्या काळात काहीच मिळाले नाही, कारण पोस्ट-मॅट्रिक शिष्यवृत्ती कॉलेजात दाखल असलेल्यालाच मिळते. ड्रॉप घेतलेली मुलगी कोणत्याच हजेरीपटावर नसते.

म्हणून दोन मागण्या. एक सरकारकडे: तामिळनाडूने २०२० साली कायदा करून सरकारी शाळेत शिकलेल्यांसाठी वैद्यकीय प्रवेशात ७.५ टक्के जागा राखल्या. छत्तीसगड आणि महाराष्ट्रानेही तसा कायदा करावा, आणि पुन्हा परीक्षा देणाऱ्या गरीब विद्यार्थ्याला त्या वर्षासाठी वसतिगृह व विद्यावेतन द्यावे.

दुसरी मागणी तुमच्याकडे, घरातल्या पहिल्या पदवीधरांकडे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरवणाऱ्या दल्ली राजहरात खाणमजुरांनी शंकर गुहा नियोगींच्या संघटनेतून, स्वतःच्या वर्गणीवर आणि श्रमावर शहीद हॉस्पिटल उभे केले. ते १९८३ मध्ये सुरू झाले. तिथे मजुरांनाच आरोग्य कार्यकर्ते म्हणून तयार केले गेले. ज्यांना शाळा धड मिळाली नाही, त्या माणसांनी दवाखाना उभारला. आपल्याला पदव्या आहेत, महिन्याचा पगार आहे. दहा जणांनी मिळून वस्तीतल्या एका मुलीचे एक वर्ष उचलणे आपल्याला जड नाही.

जयंतीला आपण नव्वद टक्केवाल्यांचा सत्कार करतो, तो जरूर करावा. पण ज्यांना पन्नास-साठ टक्के मिळाले, त्यांची यादीही त्याच दिवशी करा. त्यांच्यातल्या कोणाला पुन्हा परीक्षेला बसायचे आहे ते विचारा. खोली कोणाची, फी कोण भरणार, फिजिक्स कोण शिकवणार, हे मंडप उतरण्याआधी ठरवा.

जय भीम.