पाण्याखालचा वेळ
माजलगावात सिंदफणेवरच्या धरणाचं पाणी हाच आमचा समुद्र. तरी पुतण्या २००५ सालचा ‘सायलेंट हंटर ३’ हा पाणबुडीचा गेम लावतो, तेव्हा मी शेजारी बसतोच. त्यात काळ १०२४ पट पळवता येतो. तो खुशाल पळवावा. खऱ्या गस्तीतले आठवडेच्या आठवडे रिकाम्या समुद्रातच जात. टॉर्पेडोचं गणित मात्र यंत्रावर सोडू नये. जहाजाचा वेग, दिशा, अंतर स्वतः काढून नेम लागला की होणारी धडधड, तीच तर मजा! आणि जहाज बुडताना नजर वळवू नये. खऱ्या युद्धात, ९ डिसेंबर १९७१ला, ‘हंगोर’ या पाकिस्तानी पाणबुडीने दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडवली. तिचे कॅप्टन मुल्ला यांच्यासह १९४ जण गेले. हे सांगितल्यावर पुतण्याने गेम बंद केला नाही, आवाज कमी केला.